विमानातली नवार

माळव्यात उन्हाळ्याच्या दिवसांत छोटं विमान सकाळी आठच्या आत उडवलं तर ठीक. अकरा वाजले की काळी जमीन तापते, हवा खालून उकळल्यासारखी वर येते, आणि मग वर बसलेल्याचं काही खरं नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझं शिक्षण चौथी, तीही पूर्ण नाही. इंदूरला बिजासनच्या टेकडीजवळ विमानं उतरायची, तिथं मी कामाला होतो. सकाळी मिशीवर हात फिरवत चढलेला माणूस दुपारी उतरताना दोघांना धरावा लागायचा, ते मी पाहिलंय.

बायको जाऊन चार महिने झाले. तिच्याबद्दल आमच्या गल्लीत एक खोटी गोष्ट पन्नास वर्षं फिरली. खोटं दुसऱ्यानं रचलं, पण त्याखाली सही माझी होती. म्हणून लिहायला बसलो. शुद्धलेखन मुलगी बघेल.

माझे वडील दरबारच्या बग्गीखान्यात गादीकाम करायचे. बग्गीच्या बैठकी, कमान्या म्हणजे स्प्रिंगा, चामडं, आत घोड्याचे केस. मीही तेच शिकलो. राज्य गेलं, मध्यभारत झाला, बग्गीखान्याला कुलूप लागलं. काही दिवस मी पलासियाच्या बंगल्यांमधले सोफे दुरुस्त केले. मग एके दिवशी दादा सायकलवरून आला.

दादा म्हणजे आमच्याच गल्लीतला. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, लढाईच्या वेळी पलटणीत विमानांचा फिटर होता. परत आला तेव्हा एका मिलवाल्या सेठनं लढाईतून उरलेलं एक चार माणसांचं विमान घेतलं होतं, त्यावर दादा लागला. माझ्या बायकोला सख्खा भाऊ नव्हता. लग्न होऊन ती देवासहून आली त्याच वर्षी दिवाळीत तिनं दादाला पाटावर बसवून ओवाळलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला तो यायचा. तिला ताई म्हणायचा, आणि माझ्याशी बोलताना भिया.

"काय भिया, सोफे ठोकतोस? चल, तुला विमान ठोकायला देतो."

सेठना सरकारदरबारी कामांसाठी सारखं ग्वाल्हेरला जावं लागायचं. राजधानी अर्धं वर्ष तिकडे, अर्धं इकडे. त्यांची बहीणही तिथंच दिलेली, म्हणून आईला सोबत न्यायचं होतं. आईला सगळे मांजी म्हणायचे. जैन घर, फार कडक. विमानाच्या खुर्च्या लष्करी, पत्र्याच्या, वर चामड्याची पातळ गादी, आणि बांधायचा पट्टाही चामड्याचा. मांजींनी आत डोकावलं आणि शिडीवरूनच खाली आल्या.

सेठ मला म्हणाले, "मिस्त्रीजी, मांजी चमड़े पे नी बैठेगी. घोड़े का बाल नी चाहिए, पंख भी नी. सूत का जो करना है करो. और झटका नी लगना चाहिए."

मला वाटलं, झटका म्हणजे आपलाच विषय. बग्गी रस्त्यावर उडते, तर बैठकीत कमान्या घालतो. मी विमानात तेच केलं. मऊ, उंच, आत सोळा कमान्या, वर रुईचा कापूस, मखमलीचं कव्हर. दरबारच्या बग्गीलाही नव्हती अशी बैठक. पट्टा मी साध्या सुती दोरखंडाचा लावला, नावापुरता.

मांजींना बसवायच्या आधी दादा स्वतः बसून गेला. मुद्दाम दुपारी. परत आला तेव्हा कपाळाच्या वर लिंबाएवढं टेंगूळ.

"तुझ्या गादीनं मला छताला फेकून मारलं रे! एकदा नाही, तीनदा!"

विमान चालवणारा कॅप्टन मागून उतरला, तोही हसत होता. म्हणाला, "मिस्त्री, गादी फर्स्ट क्लास. फक्त माणूस तिच्यावर राहत नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं तर बायको पदर तोंडाला लावून हसली. मला राग आला. म्हटलं, एवढं हसायला काय झालं, तू सांग मग कसं करायचं.

ती म्हणाली, "अहो, बग्गी खड्ड्यात जाते तेव्हा दणका खालून येतो. तिथं कमानी चालते. विमान तर अख्खंच खाली पडतं म्हणता ना? मग माणूस वर राहतो. त्याला मऊ कशाला पाहिजे? धरून ठेवायला पाहिजे. रडणाऱ्या पोराला जोरात झोका दिला की ओकतं. मांडीवर घट्ट धरलं की गप."

मी चौथी तरी गेलो होतो, ती शाळेत गेलीच नव्हती. पण मी रात्रंदिवस बग्गीत अडकलो होतो आणि ती एका वाक्यात विमानात पोचली.

तिच्या माहेरी नवार विणायचे. नवार म्हणजे पलंगाला ओवतात ती जाड सुती पट्टी. तिनं हातानं विणायला घेतली, चार बोटं रुंद, दुहेरी सुताची, दोन्ही काठांना निळा धागा. निळा कशाला, विचारलं तर म्हणाली, माझी माझ्या लक्षात राहावी म्हणून. मी कमान्या उपटून टाकल्या, नळ्यांची चौकट केली, आणि खाटेसारखी ती नवार ताणून ताणून ओवली. बैठक थोडी मागं कललेली, म्हणजे माणूस पुढं घसरू नये. वर फक्त एक चादरीसारखी पातळ गादी. आणि पट्टा, तोही नवारीचाच, दोन पदरी, पोटावरून. त्याला मी बग्गीच्या सामानातलं पितळी बक्कल बसवलं. चारही खुर्च्या अशाच केल्या.

बक्कलाजवळची शिलाई तिनं केली. मीच तिला शिकवलेली, घोड्याच्या साजाची शिलाई. एक मेणाचा दोरा, दोन टोकांना दोन सुया, एकाच भोकातून दोघी समोरासमोर जातात. मधला एक टाका तुटला तरी बाकीचे हलत नाहीत. शिवाय तिनं वीतभर नवार आत दुमडून ठेवली, पोलक्याला दर्जी ठेवतात तशी. म्हणाली, जाड माणूस आला तर सोडवून वाढवता येईल, आमच्याकडे पाठवा, मी नीट शिवून देईन. हे तिनं दादाच्या समोर सांगितलं. मी तिथंच होतो.

मग आम्ही पट्टा घराच्या तुळईला बांधला आणि गव्हाचं पोतं लटकवलं. दोन दिवस लटकत होतं. शेजारणी बघायला यायच्या. दादानं पोत्याला धक्के मारून पाहिले, वर स्वतः लोंबकळला. बायको म्हणाली, "दादा, उतरा आता, पट्टा नाही तुटायचा, तुळई तुटेल."

मांजी पहिल्यांदा गेल्या त्या सकाळच्या थंड हवेत. दुसऱ्यांदा परत येताना बारा वाजले, घाटावर चांगले गचके बसले. उतरल्यावर म्हणाल्या, "ऐसा लगा जैसे किसी ने गोद में पकड़ रखा हो." सेठनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. दादा म्हणाला, "साहब, विलायती किताब में ऐसा ही लिखा है."

मी घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. दादाला मिळालं म्हणजे घरातच आलं."

तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. नाही कळलं.

पुढच्या वर्षी वैशाखात सेठच्या भाच्याचं लग्न होतं, ग्वाल्हेरला. मांजी त्या वर्षात बऱ्याच सुटल्या होत्या. निघायला उशीर झाला, विमान भर दुपारी उडालं. गुना गावाच्या पुढं कुठंतरी हवेचा मोठा खड्डा लागला. विमान खाली गेलं आणि मांजींचा पट्टा बक्कलापाशी सुटला. त्या वर फेकल्या गेल्या आणि तिरप्या खाली आपटल्या. गळ्याजवळचं हाड मोडलं, कपाळ फाटलं. बाकीच्या तिघांना खरचटलंसुद्धा नाही. त्यांचे पट्टे जसेच्या तसे होते.

दादा दुसऱ्या दिवशी विमानाबरोबर परत आला तो माझ्याकडेच. घरात नाही, बाहेर ओट्यावर बसला. चेहरा पांढरा.

"भिया, ताईची शिलाई उसवली रे."

मी म्हटलं, "होणार नाही. तू स्वतः लोंबकळला होतास."

"मी डोळ्यांनी पाहिलं ना. टाके गेले. वर्षभर ऊन लागलं, मेण वितळलं असेल, दोरा कुजला असेल. तिचा काय दोष त्यात?" मग जवळ सरकला. "चौकशीला साहेब येणार आहे. मी लायसनवाला माणूस, माझ्या हाताखाली चूक झाली असं निघालं तर मी संपलो. तुझीही रोजी जाईल. तू एवढं लिहून दे, की पट्टा घरी बायकोनं शिवला होता आणि शिलाई कच्ची होती. बाईमाणसाला कोण काय करणार आहे? तिला थोडंच बोलावणार?"

मी विचारलं, "पट्टा कुठंय?"

"सेठच्या कोठीवर. आता कोण हात लावू देतंय?"

मी उठून सेठच्या कोठीवर जायला पाहिजे होतं. तुकोगंज किती लांब होतं? सायकलनं पंधरा मिनिटं. पण दादानं डोळ्यांनी पाहिलं म्हटल्यावर मी का जाऊ? त्याला ती ओवाळत होती. मी लिहून दिलं. म्हणजे त्यानं हिंदीत लिहिलं, मी खाली सही केली. माझी सही तेव्हा फार चांगली यायची, मला तिचा अभिमान होता.

आत गेलो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं ओट्यावरचं सगळं ऐकलं होतं. वर न बघता तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही पट्टा पाहिलात का?"

मी म्हटलं, "दादा खोटं बोलेल का?"

"मी ते नाही विचारलं. पट्टा पाहिलात का?"

"नाही."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मी बोलत राहिलो, की अगं बाईमाणसाला कोण विचारणार आहे, की दोघांची रोजी वाचली, की दादाचं लायसन. माणसाचं चुकलं की तो फार बोलतो.

दादाचं म्हणणं एका अर्थी खरं झालं, चौकशीवाल्यानं तिला बोलावलं नाही. पण सेठच्या घरात बायका होत्या, त्यांच्या मोलकरणी आमच्या गल्लीत राहायच्या. आठ दिवसांत सगळ्यांना माहीत झालं, हिच्या शिलाईनं म्हातारीचं हाड मोडलं. बायको दोन पैसे मिळतील म्हणून गाद्या, उशा, परकर शिवायची. एकेक करून बायका यायच्या थांबल्या. एकीनं तर दिलेलं कापड न शिवलेलंच परत नेलं. दारात उभी राहून म्हणाली, "तुमची फुरसत नसेल ना." फुरसतच फुरसत होती.

त्या दिवाळीत दादा आला. तिनं पाट मांडला नाही. चहा दिला. तो म्हणाला, "ताई, आज भाऊबीज." ती म्हणाली, "हो, माहीत आहे," आणि आत गेली. मला तिचा राग आला. मी म्हटलं, चूक तुझी, वाचवलं त्यानं, आणि रुसतेस तू? हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही.

दादाला थोड्याच दिवसांत दुसऱ्या शहरात मोठ्या कंपनीत जागा मिळाली. सेठनीच चिठ्ठी दिली म्हणे. मी तिथंच राहिलो.

दोन-अडीच वर्षं गेली. सेठनी विमान विकलं. नव्या मालकाला आमच्या खुर्च्या नको होत्या, त्या भंगारात गेल्या. मी काथ्या घ्यायला सियागंजच्या बाजारात गेलो होतो. एका लोखंडवाल्याच्या दुकानाबाहेर दोरखंड, साखळ्या टांगल्या होत्या आणि त्यांच्यात चार पट्टे. काठाला निळा धागा.

दुकानदार म्हणाला, "लेना है तो चारों लो, बकरी बाँधने के काम आएँगे."

मी तिथंच पायरीवर बसून एकेक पट्टा पाहिला. तीन पट्ट्यांवर तिची शिलाई होती, मेण काळं पडलेलं, पण नखानं उचलत नव्हती. चौथा फाटलेला. त्याच्या बक्कलाजवळ पांढऱ्या रिळाचा धागा होता, मशीनची एकेरी शिलाई, ती टराटर गेलेली. आणि तिथून वीतभर मागं तिच्या सुयांची भोकं, ओळीनं, रिकामी. आत दुमडलेली नवार कुणीतरी सोडवली होती.

विमानतळाच्या वाटेवर एकच दर्जी होता. मी तसाच त्याच्याकडे गेलो. पट्टा पुढं टाकला. तो विसरलेला नव्हता.

"हाँ भिया, वो फिटर साब लाए थे. बोले माताजी मोटी हो गई हैं, पट्टा पूरा नी आ रिया. मैंने कहा इत्ता मोटा माल मेरी मशीन पे नी चलेगा, जिसने बनाया उसको दो. बोले टाइम नी है, सुबह उड़ना है, तू चार टाँके मार दे."

आमचं घर त्या दुकानापासून सायकलनं वीस मिनिटं. तो तिच्याकडे आला असता तर तिनं तासाभरात शिवून दिलं असतं. चहाही पाजला असता. घाईत केलं, ते मी समजू शकतो. घाईत कोण चुकत नाही? पण ओट्यावर माझ्याशेजारी बसून, मेण वितळलं असेल म्हणाला, तेव्हा घाई नव्हती. तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

घरी आलो. ती तांदूळ निवडत होती, मुलगी तेव्हा रांगत होती. मी पट्टा तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं उचलला, भोकांवरून बोट फिरवलं, पांढरा धागा पाहिला. दर्जीचं म्हणणं मी सांगितलं. मला वाटलं रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल. मी तयार होतो.

ती म्हणाली, "बरं."

"बरं काय? मी आत्ता जातो आणि सगळ्या गल्लीला दाखवतो."

"गल्लीनं माझ्याशी लग्न केलं नव्हतं," ती म्हणाली. "गल्लीचं मला काही वाटलं नाही."

आणि ती तांदूळ निवडायला लागली. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. चारचौघांत जाऊन मी खोटी सही केली म्हणायचं, ते वाचलं. ती नको म्हणते ना, मग नको. असं मी स्वतःला पन्नास वर्षं सांगितलं. ती नको म्हणाली नव्हती. ती फक्त तांदूळ निवडत होती.

त्यानंतर तिनं परक्याचं एक बटणसुद्धा शिवलं नाही. घरातलं सगळं शिवायची. माझ्याशी वाईट वागली असं नाही. जेवायला वेळेवर, दुखलंखुपलं तर उशाशी. मुलीचं शिक्षण, लग्न, सगळं तिनं पार पाडलं. पण मी काही सांगितलं की ती "तुम्ही पाहिलंत का?" विचारायची. दूध नासलंय म्हटलं तरी. पाऊस आलाय म्हटलं तरी. टोमणा नव्हता तो, तिची सवय झाली होती. मी काही तरी सांगतो म्हणजे ते खरंच असेल, असं तिला पुन्हा कधी वाटलं नाही.

चार महिन्यांपूर्वी गेली. सवाष्ण गेली म्हणून बायका म्हणाल्या, नशीबवान. सवाष्णीला शेवटची साडी माहेरची लागते. देवासला तिचं कुणी उरलेलं नाही. मुलगी मला विचारत होती, बाबा, काय करायचं, आणि तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली.

दादा. ऐंशीच्या पुढचा, हातात काठी, नातवाचा आधार. दहा-बारा वर्षांपासून तो परत इंदूरलाच आहे हे मला माहीत होतं, भेटलो नव्हतो. काखेत पिशवी, पिशवीत हिरवी साडी.

"माझी ताई गेली रे," म्हणाला, आणि रडला. खोटं रडला असं मी म्हणणार नाही. "साडी माझी. भाऊ मी आहे तिचा."

बायकांनी वाट दिली. कुणीतरी म्हणालं, बघा, किती वर्षांचं नातं. मुलीनं हात पुढं केला साडी घ्यायला.

मी म्हटलं, "थांब. दादा, पट्टा कुणी उसवला, ते आधी इथं सांग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादाला लगेच कळलं. त्यानं कुठला पट्टा असं विचारलंसुद्धा नाही.

"आज? भिया, आज काढतोस हे? ताई समोर आहे."

"म्हणूनच."

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग हळू म्हणाला, "सही तुझी होती."

"होती," मी म्हटलं. आणि मग तिथं जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, ज्यांना ती जुनी गोष्ट माहीत होती त्यांना आणि ज्यांना नव्हती त्यांनाही. की हिची शिलाई उसवली नव्हती. ती यानं सोडवली आणि मशीनवर चार टाके मारून आणले. आणि मी न बघता खोटं लिहून दिलं. एक म्हातारी शेजारीण, जिनं कधीकाळी कापड परत नेलं होतं, ती म्हणाली, "मयताच्या घरी असलं बोलतात का हो?" मी म्हटलं, मी बोलतो.

साडी परत दिली. मुलीनं तिच्याच पेटीतली एक धुवट हिरवी काढली. दादा बाहेर ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसला. आम्ही निघालो तेव्हा नातवाच्या आधारानं मागून चालत आला, थोडं अंतर, मग थांबला.

संध्याकाळी सगळे गेले. मुलगी पिठलं-भात वाढत होती. ती पन्नाशीची झाली, तिचे केस पांढरे झालेत. मला म्हणाली, "बाबा, हे सगळं खरं?"

"हो."

"आई जिवंत असताना असं चारचौघांत कधी बोललात?"

"नाही."

"पट्टा सापडला तेव्हा ती काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

तिनं ताटात भात वाढला, पिठलं वाढलं, पाणी ठेवलं. मग म्हणाली, "मग आज कुणासाठी बोललात?"

मी जेवायला सुरुवात केली नव्हती. ती उत्तराची वाट बघत समोर बसून राहिली. पिठलं गार झालं, तेव्हा तिनं ते गरम करायला परत आत नेलं.